कुंकू लावलेला पंप

आत्याबाई, तुम्ही फावड्याच्या दांड्यानं जिथे मारलं होतं ती जागा थंडीत अजून ठणकते, आणि इथे अमेरिकेत लोक भर उन्हाळ्यातसुद्धा घरात थंडी पाडून बसतात, त्यामुळे मला तुमची आठवण बारा महिने असते. तुमच्या सुनेचं तुम्हाला हे पहिलं पत्र, तेही तुम्ही गेल्यावर. बोलते मी, लिहिते माझी सून. तुम्हालाही अक्षर येत नव्हतं आणि मलाही नाही, म्हणजे हे एका अंगठ्यानं दुसऱ्या अंगठ्याला लिहिलेलं पत्र आहे. ही सून पुण्याची. मी ‘मले’ म्हटलं की ‘मला’ लिहिते, आणि मी शिवी दिली की चेहरा न हलवता ‘रागावले’ असं लिहिते. आत्ताच म्हटलं, बाई, आत्याबाईंना शिव्या कळतील, शुद्ध मराठी कळायची नाही. तर हसली, पण बोटं चालूच. मागच्या महिन्यात हिनं इन्शुरन्सवाल्यांना एक पत्र लिहिलं, तेव्हा मी शेजारी बसून सांगत होते, असं लिही, तसं लिही. तेव्हा कळलं की पत्राला अक्षर लागत नाही, तोंड लागतं. तोंडाची कमतरता मला कधीच नव्हती, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. तुम्ही ते दोनदा फोडलंही आहे.

तुमच्या नातवाला मुलगी झाली. एक महिना आधी आली, मुठीएवढी. तिच्या तोंडात ओढायचा जोर नाही. अंगाला लावली की दोन घोट घेते, दमते, आणि मग रागानं असं किंचाळते की बाहेरचा कुत्रा भुंकायचा थांबतो. डॉक्टरीण म्हणाली, दूध मशीननं काढा आणि बाटलीनं पाजा, दर तीन तासांनी काढलं नाही तर आटेल. इस्पितळानं एक मशीन भाड्यानं दिलं होतं. नळ्या, भोंगे, आणि भिंतीतल्या विजेला बांधलेली दोरी. दिवसाला आठ वेळा माझी सून त्या भिंतीशी बसायची, ब्लाउज उघडा, डोळे मिटलेले, आणि मशीन तिला ओढतंय, सोडतंय, ओढतंय, सोडतंय. मी म्हटलं, ‘गोठ्यात असते तर तुला ढेप तरी दिली असती.’ ती म्हणाली, ‘आई, प्लीज.’ पहिल्या आठवड्यात बोंडाशी चीर पडली. बाटलीत दुधाबरोबर गुलाबी रेघ उतरली. ती ओठ चावून बसलेली, पायाची बोटं आत वळलेली, आणि मशीनला काय त्याचं, ते आपलं ओढतंय. माणूस मारताना निदान दमतो.

सहा आठवड्यांनी ती कामावर परतणार होती. इथे कॅरी गावात घर आणि ऑफिस यांत गाडीनं चाळीस मिनिटं, तीही तिनंच चालवायची. ऑफिसात या कामासाठी खोली आहे, पण दुसऱ्या इमारतीत, आणि जाऊन, बसून, धुऊन परत येईपर्यंत तास जातो. दिवसातून तीन तास कोणता साहेब देईल? म्हणून ठरलं की बिनदोरीचा पंप घ्यायचा. दोन वाट्या असतात, आत्याबाई, चोळीच्या आत बसवायच्या. मोटार त्यातच, दूध त्यातच साठतं, वरून कपडा घातला की कोणाला कळत नाही. बाई गाडी चालवते, मीटिंगला बसते, आणि दूध निघत असतं. तुमच्या नातवानं कम्प्युटरवर रकाने पाडले : कोणता किती आवाज करतो, कोणत्यात किती मावतं, कोणता वाकल्यावर सांडतो, कोणत्याचे धुवायचे भाग कमी. सुनेनं कागदाची पट्टी घेऊन स्वतःचं बोंड मापलं, कारण भोंगा मापाचा नसेल तर आणखी फाडतो. मी म्हटलं, आम्हाला चपलासुद्धा मापाच्या मिळाल्या नाहीत.

इन्शुरन्सचा नियम असा : एका बाळंतपणाला एक पंप. दोरीवाला मागा किंवा त्यांच्या यादीतला बिनदोरीचा मागा, पण डॉक्टरचा कागद हवा, आणि मागवायचा त्यांनी नेमलेल्या दुकानाकडूनच. हिनं कागद मिळवला, यादीतला बिनदोरीचा निवडला, मागवला. आणि तो आला त्या दिवशी ही दोघं लेकराला घेऊन डॉक्टरणीकडे गेलेली. घरात मी एकटी.

आता पुढचं तुमच्यामुळे झालं, हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. घरात नवीन यंत्र आलं की कुंकू लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे कोणी शिकवलं? मिरचीच्या कामावर मालकानं नवा तराजू आणला तेव्हा तुम्ही त्याच्या दोन्ही पारड्यांना कुंकू लावलं होतं आणि म्हणाला होतात, ‘यंत्र उपाशी ठेवलं की माणूस खाते.’ मी सुरीनं खोकं कापलं. आतली पिशवी दातानं फाडली. मोटारीच्या पोटावर हळदकुंकवाचं बोट ओढलं, दोन्ही भोंग्यांच्या आत तांदळाचे चार चार दाणे टाकले, गॅरेजच्या फरशीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी वरून शिंपडलं. मनात म्हटलं, बाबा, हिला चावू नकोस. दोरी दिसली होती मला. पण मला काय ठाऊक, वाटलं, चार्ज करायची असेल.

दोघं परत आली. सुनेनं खोकं बघितलं, मोटार बघितली, आणि तिथेच जमिनीवर बसली. दुकानानं चुकून दोरीवाला पाठवला होता. खोकं बंद असतं तर एका फोनवर बदलून मिळाला असता. उघडलेला, अंगाला लावायचा माल ते परत घेत नाहीत. मग या बाळंतपणाचा पंप तुम्हाला मिळाला आहे, असं इन्शुरन्सच्या वहीत लागलं. कुंकू तर धुतलं तरी जाईना. भोंग्याला तांबडा डाग तसाच राहिला.

तो तांबडा डाग बघत मी उभी होते आणि मला सातरा दिसला, आपलं मिरची वाळवायचं मैदान. लाल मिरचीचे डोंगर, त्यांच्याभोवती आपण तीसचाळीस बाया देठ खुडत बसलेल्या, नाकातोंडाला फडकी, सगळ्या खोकतायत. मी अठराची. माझी पोरगी तीन महिन्यांची, घरी शेजारणीकडे. दुपार झाली की छाती दगड होते, चोळी भिजते, त्यावर मिरचीची धूळ बसते आणि कातडं पेटतं. एकदा मी तीनदा हात धुऊन दुपारी घरी पळत गेले आणि तिला पाजलं. तरी मिरची राहिलीच. तिचे ओठ सुजले, ती संध्याकाळपर्यंत किंचाळत राहिली. त्यानंतर मी दुपारची गेलेच नाही. तट्ट्याच्या मागे जायचे, हाताला पदर गुंडाळायचा आणि पिळून टाकायचं. मातीवर पांढरं डबकं व्हायचं आणि मुंग्या यायच्या.

तुम्ही तिथे आलात. हातात मिरची पसरायचं फावडं. तुम्ही मुंग्या बघितल्या. तुमच्या हिशेबात मुंग्यांनी दूध चाटलं की दूध आटतं. ‘मातीले पाजून राहिली? पोरगी तिकडे कोरड्या तोंडानं रडून राहिली अन् तू मुंग्याइले पाजून राहिली?’ पहिला फटका पाठीत. दुसरा दंडावर. मी सांगायला वळले, म्हणून तिसरा छातीवर, डाव्या बाजूला, पूर्ण ताकदीनं. दुधानं भरलेली छाती फुटल्यावर कसला आवाज येतो हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी मिरचीच्या ढिगात पडले. डोळ्यात, तोंडात, उघड्या अंगाला मिरची. तुम्ही केस धरून मला बाहेर ओढलं आणि वर आणखी एक लाथ दिली. बाया खुडत राहिल्या. एकीनंही मान वर केली नाही. डोळ्याला मिरचीचा हात लागेल म्हणून नसेल केली.

डावी बाजू काळी पडली, मग पिकली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं सुरी लावली तेव्हा वाटीभर पू निघाला. त्यानं विचारलं, ‘कशानं झालं?’ तुम्ही दाराशी उभ्या होतात. मी म्हटलं, ‘पडले. विहिरीच्या दगडावर.’ त्यानं माझ्या दंडाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पदर तोंडात धरला. त्या बाजूला पुन्हा दूध आलं नाही. एका बाजूवर पोरीचं भागेना. शेळीचं दूध सुरू केलं, तिचं पोट बिघडलं, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत ती गेली. (सून थांबली आहे. लिही, बाई. बोटं दुखतायत का तुझी?)

त्या आठवड्यात तुम्ही अंगणात फावड्याचा दांडा कुऱ्हाडीनं तोडलात. तीन तुकडे केलेत आणि माझ्या अंघोळीच्या पाण्याखाली जाळलेत. मी त्या पाण्यानं अंघोळ केली. दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा तुम्ही सातऱ्याचं काम सोडलंत. रोज दुपारी त्याला खांद्यावर घेऊन भर उन्हात यायच्या. आधी माझे दोन्ही हात ताकाच्या भांड्यात बुडवायच्या आणि वरून स्वतःच्या हातांनी दाबून धरायच्या, कोणी चोराला धरावं तसं. मग तेल, मग राख, मग पुन्हा ताक. मग स्वतः माझं बोट चाटून बघायच्या, तिखट लागतंय का. आणि तेव्हाच पोरगं मांडीवर द्यायच्या. शिव्या चालूच. ‘हात हलवू नको, बये, नाही तर दुसरा दांडा आहे.’ त्या एका बाजूवर तो वाढला. तोच आज कम्प्युटरवर रकाने पाडतो.

आता त्या दिवसाचं सांगते. सून कामावर परत जायला आठ दिवस राहिलेले. ती इन्शुरन्सला चौथ्यांदा फोन लावून स्वयंपाकघरात उभी, फोन ओट्यावर, आवाज मोठा केलेला. आधी अर्धा तास त्यातून बाजा वाजला. इथे रडत असलेल्या माणसालाही बाजा ऐकवतात. दूध काढायची वेळ टळून गेलेली, तिचा कुडता दोन्हीकडून भिजलेला, तिला ताप चढत होता. पाळण्यात लेकरू लाल होऊन किंचाळतंय. मी तव्यावर थालीपीठ लावलेलं, हातात उलथनं. फोनमधली बाई शेवटी आली आणि गोड आवाजात तेच म्हणाली, तुमचा पंप तुम्हाला मिळाला आहे. सुनेनं डोकं ओट्यावर टेकलं. मी आपलं मन हलकं करायला म्हटलं, ‘जाऊ दे गं. आमच्या वेळी कुठे होते पंप? तरी पोरं जगलीच ना.’

तिनं डोकं वर केलं. ‘नाही जगली, आई. तुमच्या वेळी तुमची मुलगी मेली. आणि तुम्हाला माझ्या खोक्याला हात लावायला सांगितलं कोणी? कोणी सांगितलं होतं?’ तिनं तो कुंकू लावलेला पंप उचलला आणि भिंतीवर हाणला. मोटार फुटली, भोंगा उडून माझ्या पायाशी आला. पुन्हा तो उचलला, पुन्हा हाणला. मी तिला म्हटलं ते ती लिहिणार नाही, ‘रागावले’ असंच लिहील. ती म्हणाली, ‘तुम्ही सगळ्या मारून टाकता आणि वर पूजा करता.’ माझ्या हातात गरम उलथनं होतं. मी ते खाली ठेवलं. तुमच्यासारखा हात मी चालवला नाही, आत्याबाई, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

मग स्वयंपाकघरात फक्त लेकराचा आवाज. आणि ओट्यावरून फोनमधली बाई, गोडवा एकदम गेलेला, हळू आवाजात काही विचारत होती. एकदा विचारलं, मग पुन्हा. सून भिंतीला टेकून उभी होती. ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. नंतर मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. त्या बाईनं विचारलं होतं, ‘मॅडम, तुम्ही सुरक्षित आहात ना? मी कोणाला पाठवू का?’ आणि ही म्हणाली होती, ‘मी ठीक आहे. सासूबाईंच्या हातून कढई पडली.’

त्यानंतर त्या बाईनं फोन ठेवला नाही. तिलाही दोन लेकरं होती म्हणे. तिनं एकेक करून सांगितलं : दुकानानं दुसराच माल पाठवला, तर तो तुमचा पंप धरायचा नाही. मागवल्याची नोंद काढा. आलेल्या खोक्याचा फोटो लावा. डॉक्टरणीकडून लिहून घ्या की लेकराला ओढता येत नाही आणि आई कामावर जाते, म्हणून हाच पंप लागतो. आणि त्यावर अपील करा, घाईचं आहे असं वर लिहा. सुनेनं भिंतीशी बसून, इस्पितळाच्या मशीनला बांधलेल्या अवस्थेत, ते सगळं लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी अपील लिहायला बसली. तिनं लिहिलं, खोकं घरातल्या एका सदस्यानं उघडलं. मी विचारलं काय लिहिलंस, तिनं वाचून दाखवलं. म्हटलं, ‘सदस्य कोण? सासूनं, असं लिही. मी काय चोर आहे नाव लपवायला?’ ती म्हणाली, ‘आई, त्यांना सासूशी घेणंदेणं नाही.’ मी म्हटलं, ‘मला आहे.’ मग तिनं सासूनं असं लिहिलं. डॉक्टरणीनंही कागद दिला.

पहिले चार दिवस ती इस्पितळाच्या दोरीवाल्यावरच कामावर गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी परतली तेव्हा एक बाजू दगड झालेली, डावीच. मी हात लावून बघितला. गरम पाण्याची फडकी लावली, वरून खाली चोळत राहिले. ती ओरडत होती आणि मी सोडत नव्हते. फुटू देणार नव्हते ना मी ती. शेवटी धार लागली, तिच्या मांडीवर, माझ्या हातावर. आम्ही दोघी घामानं भिजलेल्या.

अपील मंजूर झालं आणि खोकं आलं तेव्हा मी घरात एकटीच होते. हात मागे बांधून त्याच्यासमोर बसले, तुमची शपथ. हात लावला नाही. सून आली, तिनं वरचा नंबर वाचला, कागदाशी ताडून बघितला, खोकं उघडलं, दोन पांढऱ्या वाट्या बाहेर काढल्या, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई, कुंकू आणता ना? बाहेरून लावा फक्त. आत नको.’

आता ती त्या वाट्या लावूनच माझ्याशेजारी बसून लिहिते आहे. मांजर अंगावर बसून घुरघुरावं तेवढाच आवाज येतो. लेकरू झोपलंय, गालाला थोडं मांस चढलंय. हिनं तळव्यापर्यंत बाह्या ओढून घेतल्या आहेत, बाहेर एवढा उकाडा असून. मी विचारलं, ‘आत्याबाईंना पाठवायचं कसं गं?’ ती म्हणाली, ‘नाही पाठवायचं, आई. राहू दे इथेच.’ मग म्हणाली, ‘मधलं एक वाक्य बदलायचं आहे का?’

कोणतं वाक्य ते तिनं सांगितलं नाही. मघाशी मी ते बोलले तेव्हा तिनं ते तसंच लिहून घेतलं होतं, चेहरा न हलवता, शिवीसारखं. मी तिला म्हटलं, ते राहू दे तिथेच, खोडू नकोस. खाली लिही. उलथनं मी खाली ठेवलं नाही, आत्याबाई. मारलं. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, चार बोटं लांब. थालीपिठाचं तेल होतं त्याला. ती किंचाळली ते फोनमधल्या बाईनं ऐकलं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा हिनं माझं मनगट धरलं, म्हणून दुसरं लागलं नाही. मी थांबले नव्हते. कढई काही पडली नव्हती.

लिहिलंस का, विचारलं.

म्हणाली, ‘लिहिलं.’

म्हटलं, बाही वर कर. ताक आणते.